कॉक बंद करणारा गांगुर्डे

मंगलच्या निऱ्यांनी पेट घेतला तेव्हा गांगुर्डे उंबऱ्याच्या बाहेर उभा होता आणि मी त्याच्या पाठीमागे. आधी जमिनीवरून एक पट्टा धावला, देव्हाऱ्यापासून मोपेडपर्यंत, आणि मग मोपेडच्या खालचं सगळं एकदम भडकलं. मोपेड दाराला लागूनच आत उभी. मंगल आगीच्या पलीकडे. तिच्या मागे आतल्या खोलीत तिची लहान पोरगी परी. भिंतीला चिकटलेली तिची सासू यशोदा. मागच्या दाराला वरपर्यंत सोयाबीनच्या गोण्या लावलेल्या, म्हणजे बाहेर यायला वाट ही एकच, आणि ती पेटलेली.

गांगुर्डे आत घुसला. पण तो मंगलकडे गेला नाही. तो मोपेडशेजारी गुडघ्यावर बसला, डावा हात आगीत घातला आणि टाकीखाली काहीतरी चाचपायला लागला. मंगल किंचाळत होती. माझ्या मागून गल्लीतला कोणीतरी म्हणाला, "बाई जळतीय आन् हा गाडी वाचवाया बसलाय."

गावात आजही काही जण तसंच सांगतात. जे तिथे नव्हते ते तर जास्तच रंगवून सांगतात. मी तिथे होते, त्याच्यापासून दोन हातांवर. म्हणून हा माणूस कसा होता ते मीच सांगते.

दिलीप गांगुर्डे निफाडच्या एका शोरूममध्ये मिस्त्री होता. राहायला नाशिकला, कॉलनीत. रोज सकाळी एस.टी.ने निफाडला यायचा. अंगाने किडकिडीत, केसांना मेंदी लावून लाल केलेले, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. बाहेरच्या बाजूला बांधलं की इंजिनाला घासतं म्हणायचा. त्याला चालता येत नव्हतं, तो पळायचाच. बोलायला लागला की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. ऐकणाऱ्याला धाप लागायची, त्याला नाही.

करोनाच्या आधीची गोष्ट. तेव्हा मोपेडला कार्बोरेटर असायचा. आता नव्या गाड्यांना तो नसतो. एका कंपनीने विकलेल्या बऱ्याच मोपेडमध्ये कार्बोरेटर खराब निघाले, आणि कंपनीने सगळे फुकट बदलून द्यायचं ठरवलं. त्याला रिकॉल म्हणतात, हे मला गांगुर्डेने सांगितलं. शोरूमवाल्यांनी आमच्याकडे फोन केले, चिठ्ठ्या पाठवल्या. एकही गाडी निफाडला गेली नाही. द्राक्षाची छाटणी चालू होती, आणि मोपेड एक दिवस शोरूममध्ये ठेवायची म्हणजे बाई मळ्यात जाणार कशी आणि दूध डेअरीत पोचणार कसं. शेवटी त्यांनी गांगुर्डेला टेम्पो दिला, नव्या कार्बोरेटरची खोकी दिली आणि गावोगाव पाठवलं.

आमच्या फाट्यावर माझं चहाभज्यांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून मी एकटी चालवते. सावलीला मोठं निंबाचं झाड आहे आणि नळाला पाणी आहे, म्हणून त्याने टेम्पो तिथेच लावला. मला विचारलं नाही. उतरला तो सरळ दुकानात आला, माझ्या साखरेच्या डब्यात हात घातला, मूठभर साखर घेतली, त्यात खिशातल्या पुडीतली धुण्याची पावडर टाकली आणि नळावर जाऊन हात चोळायला लागला.

मी म्हणाले, "ए, साखर काय तुझ्या बापाची हाय का?"

"मावशी, ग्रीस साखरेनेच निघतं. साबणाने नुसतं पसरतं. दोन चहा टाका, एक बिनसाखरेचा, म्हणजे हिशेब फिटला."

"बिनसाखरेचा कोण पिणार?"

"मीच. माझी साखर हाताला लागली ना."

मला तो पहिल्या दिवशी आवडला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी मी साखरेचा वेगळा डबा ठेवला, ती मुंगी लागलेली साखर होती. त्याच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, "मुंग्या पण चांगल्या घासतात."

पहिला दिवस वाया गेला, आणि तो टेम्पोच्या ड्रायव्हरमुळे. ड्रायव्हरने भोंग्यावरून सांगितलं, "कंपनीने गाड्या परत बोलावल्या आहेत." तासाभरात गावातल्या मोपेड गायब. काही उसात घातल्या, काही कडब्याखाली झाकल्या. एकाने तर मोपेडवर ताडपत्री टाकून वर कोंबड्यांचा खुराडा ठेवला. परत बोलावल्या म्हणजे उचलून नेणार, असंच सगळ्यांना वाटलं. हप्ते थकले की उचलून नेतात, हे लोकांनी पाहिलेलं होतं.

गांगुर्डेने ड्रायव्हरच्या हातातला भोंगा काढून घेतला. पण नंतर त्याने कितीही ओरडून सांगितलं तरी फरक पडला नाही. आमच्याकडचे लोक फुकट म्हटलं की मागे सरतात. रामभाऊ म्हणून एक दूधवाला आहे, तो माझ्या बाकड्यावर बसून म्हणाला, "कंपनी सवताहून चूक कबूल करतीय? म्हंजी आतून लय मोठं कायतरी झाकत आसल."

गांगुर्डे भोंगा ठेवून आत आला. माझा काचेचा ग्लास उचलला, पाण्याने भरला आणि बाकड्यावर रामभाऊच्या समोर ठेवला. खिशातून बोटाच्या पेराएवढे दोन काळे तुकडे काढले.

"हा फ्लोट. कार्बोरेटरच्या वाटीत हा तरंगतो. तुमच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, टाकी भरली की वर येतो आणि पाणी बंद करतो? तेच काम. आता बघा."

एक तुकडा टाकला, तो तरंगला. दुसरा टाकला, तो थोडा वेळ तरंगला, मग एका अंगाला कलला आणि हळूहळू तळाला जाऊन बसला.

"हा दुसरा तुमच्या गाडीतला. हा पेट्रोल पितो आणि बुडतो. बुडला की पेट्रोल बंद होत नाही. गाडी तुम्ही लावून घरात जाता, आणि ते टपटपत राहतं, टपटपत राहतं. आणि तुम्ही मोपेड कुठे लावता?"

सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे मोपेड घरात लावतात, पुढच्या खोलीत, चोरांच्या भीतीने. त्याच खोलीत देव असतात, तिथेच माणसं झोपतात.

"पळती गाडी कुणाला जाळत नाही. उभी गाडी जाळते," गांगुर्डे म्हणाला. हे वाक्य तो दिवसातून इतक्या वेळा म्हणायचा की फाट्यावरची पोरं त्याच्यासारखा आवाज काढून म्हणायला लागली.

रामभाऊ उठला आणि उसातली मोपेड काढून आणायला गेला. तो ग्लास मी फेकून दिला. त्याला पेट्रोलचा वास बसला होता. गांगुर्डेने नवा आणून दिला नाही, मीही विसरले नाही.

मग गर्दी झाली, आणि दुसरं भांडण सुरू झालं. आमच्याकडे मिस्त्रीने पार्ट बदलला की जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही रीत आहे. जुना हातात पडला नाही तर नवा बसवला यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तोच धुऊन परत लावला असणार, असंच समजतात. आणि घरी नेलेला जुना पार्ट कोणी टाकत नाही. माळ्यावर, कपाटावर, पिठाच्या डब्यामागे, उपयोगाला येईल म्हणून ठेवतात. इथे कंपनीचा नियम असा की जुना कार्बोरेटर परत पाहिजे. एकसुद्धा मागे राहायचा नाही.

"आमचा माल तुम्ही का नेणार?" असं दहा जणांनी विचारलं.

"कारण तो माल नाही, तो विषारी साप आहे," गांगुर्डे म्हणाला.

"मग साप आमच्या गाडीत घातला कुनी?"

अडला की गांगुर्डे टाळी वाजवायचा, एकच, जोरात, आणि मग काहीतरी सुचायचं. त्याने टाळी वाजवली. टेम्पोतून हातोडा काढला, निंबाच्या बुंध्याजवळचा दगड पुढे ओढला, रामभाऊच्या गाडीचा जुना कार्बोरेटर त्यावर ठेवला आणि हातोडा रामभाऊच्या हातात दिला.

"तुमचाच आहे ना? तुमच्याच हाताने मारा. मग चुरा कंपनीला देतो. चुऱ्यातून काय चोरणार आम्ही?"

रामभाऊने पहिला घाव घाबरत घातला. दुसरा जोरात. तिसऱ्याला कार्बोरेटरची दोन छकलं झाली आणि लोक हसले. त्या दिवशी फाट्यावर जी मजा आली ती लग्नातही येत नाही. बायका पदर खोचून रांगेत. गांगुर्डे खाली बसून गाडीचा कार्बोरेटर काढायचा, नवा बसवायचा, जुना वर उचलून दाखवायचा, आणि मालकीण हातोडा घ्यायची. एकीने मारताना सासूचं नाव घेतलं. सासू मागेच उभी होती. तिने सुनेच्या हातातून हातोडा घेतला आणि शेवटचा घाव तिने मारला. मी भजी तळत होते आणि घाणा कधी संपला ते कळलं नाही. माझी स्वतःची मोपेड होती, दूध आणायला. मीही मारला. हात दोन दिवस दुखला, पण बरं वाटलं.

काम करताना गांगुर्डे गाड्यांशी बोलायचा नाही, लोकांशीच बोलायचा. कार्बोरेटर म्हणजे सुगरण, असं तो बायकांना सांगायचा. पीठ आणि पाणी जसं मोजून एकत्र करायचं तसं पेट्रोल आणि हवा. पाणी जास्त झालं तर भाकरी थापता येते का? नाही ना. गाडीचं पण तसंच, धूर काढते. बायकांना ते लगेच कळायचं. पुरुष हं हं करायचे.

जेवायला त्याला दहा मिनिटं पुरायची. शेवभाजी आणि भाकरी. मिरच्या तो शेंगदाण्यांसारख्या खायचा. भाकरी कागदात धरून खायचा, बोटाला पेट्रोलचा वास असतो म्हणून. जेवताना मात्र एक अक्षर बोलायचा नाही. दिवसातला तेवढाच वेळ शांतता.

त्याची एक खोड सगळ्यात वाईट. उभी मोपेड दिसली की तिचा टाकीखालचा पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी, बंद करायचा. कोणाची का असेना. बोलता बोलता, रस्त्याने जाता जाता, हात खाली जायचा आणि कॉक फिरवून वर यायचा. त्याला स्वतःलाही ते कळत नसावं. कॉक बंद असला तरी वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी चालते आणि मग बंद पडते. आमच्याकडे आठवडे बाजार होता त्या दिवशी तो बाजारातून एक चक्कर मारून आला. दुपारी बाजार उठला आणि पाटाच्या पुलावर मोपेडची रांग लागली. जो तो किक मारतोय, एकमेकांना विचारतोय, तुझी पण बंद पडली का? कोणी म्हणालं पुलावर काहीतरी हाय. एका बाईने नारळ आणायला पोरगं पिटाळलं.

रामभाऊला समजलं. त्याचं दूध उन्हात होतं. तो तरातरा फाट्यावर आला आणि गांगुर्डेची कॉलर धरली.

"तुला कुनी सांगितलं व्हतं रं?"

"तुम्ही उघडा ठेवला होता."

"माझा कॉक, मी उघडा ठेवीन न्हायतर गळ्यात घालीन."

"नवा बसवला म्हणून काय झालं? सवय लागायला पाहिजे. नवा पण कधीतरी जुना होणार ना."

रामभाऊने त्याला ढकललं. तो पडला, उठला, कपडे झटकले आणि रामभाऊच्या मागे उभ्या असलेल्या गाडीचा कॉक बंद केला. मी हे डोळ्यांनी पाहिलं. रामभाऊला शेवटी हसूच आलं.

लोक मला विचारतात, त्याच्या घरात कोणी जळून मेलं होतं का? नव्हतं. मी त्याला विचारलं होतं. त्याची बायको, पोरगी, म्हातारी आई, सगळी धडधाकट. तो तसाच होता, एवढंच.

आता त्या संध्याकाळचं.

फाट्यावर कार्बोरेटर बदलायचा शेवटचा दिवस होता. ड्रायव्हरने टेम्पो चालू केलेला. गांगुर्डेला मात्र निघायच्या आधी चुऱ्याची गोणी तपासायची होती. त्याने निंबाखाली गोणी ओतली आणि छकलं हाताने चाळायला लागला. सूर्य द्राक्षांच्या मांडवांमागे गेला होता. चाळता चाळता तो थांबला. एक छकल उचलून उजेडात धरलं, नखाने खरवडलं.

"मावशी, हा आपला नाही."

"म्हंजी?"

"हा जुन्या गाडीचा आहे. ह्या गाड्यांच्या आधीच्या. घासून संपलेला. कुणीतरी मला हा फोडायला दिला आणि खराबवाला घरी नेला."

गर्दीत कोणीतरी अदलाबदल केली होती. खिशात घरचा जुनाट कार्बोरेटर आणला, दगडावर तो ठेवला, आणि गाडीतून निघालेला, नवा दिसणारा, तो खिशात घातला. फुकटात चांगला पार्ट मिळाला असं त्याला वाटलं असणार. गांगुर्डेने शोरूमला फोन लावला. पलीकडचा साहेब काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण गांगुर्डेचं ऐकू आलं.

"एकच आहे म्हणून काय झालं साहेब? जाळायला एकच लागतो."

फोन ठेवून तो म्हणाला, "मावशी, गावात एवढी जुनी मोपेड कुणाकडे आहे?"

मला दोन घरं माहीत होती. एकाकडची गाडी भंगारात गेली होती. दुसरं घर यशोदाचं. यशोदा माझी चुलतजाऊ. तिचा नवरा वारला, त्याची जुनी मोपेड घरात पडून होती. तिचा पोरगा संदीप ओझरला कारखान्यात कामाला जातो. त्याची स्वतःची गाडी रिकॉलमधली, ती कालच फाट्यावर आणली होती.

"चल," मी म्हणाले. त्याने टेम्पोच्या ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि पळत सुटला. माझे गुडघे दुखतात, तरी मी त्याच्या मागे होते.

यशोदाच्या अंगणात पाऊल टाकलं आणि तो थांबला. नाक वर केलं. मलाही वास आला. दाराच्या आत, उंबऱ्याला लागून, जुनी मोपेड उभी होती, पुसून चकचकीत केलेली. संदीपने सकाळी पार्ट बसवला होता, मंगलला मळ्यात जायला गाडी पाहिजे म्हणून. मंगल दुपारी जाऊन आलीही होती. आता ती कोपऱ्यात देव्हाऱ्यासमोर बसून वात वळत होती. काड्यांची पेटी बाजूला.

"ताई, दिवा लावू नका," गांगुर्डे दारातून म्हणाला.

मंगलने मागे वळून पाहिलं. यशोदा आतल्या खोलीतून पुढे आली.

"कोन तू?"

"शोरूमचा. गाडीतून पेट्रोल गळतंय. दिवा लावू नका, सगळे बाहेर या, मला आत येऊ द्या."

"बाहेरच थांब," यशोदा म्हणाली. तिला तो कोण ते माहीत होतं. कुठल्या कॉलनीतला, आडनाव काय, जात काय, सगळं गावाला पहिल्याच दिवशी माहीत झालेलं होतं. "दिवेलागणीला देवापुढं दिवा लावू नको म्हनतो. आता तू सांगनार व्हय आमाला?"

"यशोदे," मी म्हणाले, "त्याचं ऐक, वास येतोय."

"तू गप. तुझ्या दुकानात बसवलास, आता घरात घालतीस का?" आणि मग ती मंगलला म्हणाली, "लाव गं तू दिवा."

मंगलने काडी ओढली. सासूने सांगितल्यावर कोणती सून थांबते?

पुढचं वर सांगितलं आहे. काडी, पट्टा, भडका, निऱ्या. गांगुर्डे आत घुसला आणि टाकीखाली हात घातला. तो गाडी वाचवत नव्हता. टाकीतून पेट्रोल खाली येत होतं आणि आग त्यावर जगत होती. कॉक सापडला तसा त्याने फिरवला, आणि माझ्या डोळ्यांदेखत खालची धार बारीक झाली आणि तुटली. मग त्याने मागचं चाक धरून गाडी अंगणात ओढून काढली, पेटलेलीच. गल्लीतली माणसं बादल्या घेऊन आली होती.

"पाणी नको," तो ओरडला. "पाण्यावर पेट्रोल पसरतं. वाळू. वाळू टाका."

शेजारच्या घराचं बांधकाम चालू होतं, वाळूचा ढीग समोरच. मी ओच्यात वाळू भरली आणि दारात टाकली. सगळ्यांनी टाकली. एवढ्या वेळात तो वाळूवरून परत आत गेला होता. दाराशी पडलेलं ओलं गोणपाट, पाय पुसायचं, ते त्याने मंगलच्या पायांभोवती गुंडाळलं आणि तिला खाली पाडून लोळवलं. ती त्याला मारत होती, भीतीने. तिला त्याने आतूनच माझ्याकडे ढकललं. आत छताला लावलेला कापडी मांडव पेटला होता, त्याचे तुकडे खाली पडत होते. तो परीला घेऊन आला, फडक्यात गुंडाळलेली, तोंड झाकलेलं. मला वाटलं आता तो बाहेरच थांबेल.

यशोदा आत होती. ती भिंतीशी बसून राहिली होती, हलतच नव्हती. तो तिसऱ्यांदा आत गेला. ती म्हणत होती, "देव घे, आधी देव घे." तो म्हणाला, "आजी, आधी तुम्ही," आणि तिला काखेत धरून ओढत आणलं. बाहेर आणून ठेवली आणि मग तो खाली बसला. डावा हात त्याने पोटाशी धरला होता. त्या हाताकडे मी पाहिलं आणि परत पाहिलं नाही.

टेम्पो फाट्यावर थांबलेलाच होता, तो कामाला आला. मंगलला आणि त्याला त्याच टेम्पोत घातलं, मी बरोबर बसले. आधी निफाड, मग तिथून नाशिकला. टेम्पोत मंगल कण्हत होती आणि हा बडबडत होता. त्याला बडबडल्याशिवाय राहवतच नव्हतं.

"मावशी, गाडीचा पार्ट कुणाला लावू देऊ नका हां. तो जळालेला काढून ठेवा. कंपनीला द्यायचाय."

"मर तू आणि तुझी कंपनी," मी म्हणाले.

"मरत नाही. हात गेला तर उजवा आहे."

संदीप रात्रपाळीला होता, त्याला फोन करून बोलावलं. दवाखान्यात तो आला आणि गांगुर्डेच्या खाटेजवळ येऊन उभा राहिला. गांगुर्डेच आधी बोलला.

"तूच का रे अदलाबदलवाला?"

संदीपने मान हलवली.

"हात साफ आहे तुझा. मला कळलंसुद्धा नाही. मिस्त्री हो तू, चांगला होशील."

संदीप तिथेच रडायला लागला. मला राग आला होता. गांगुर्डेच्या जागी मी असते तर त्याच्या थोबाडीत मारली असती, आणि नंतर दवाखान्याच्या अंगणात मारलीही. गांगुर्डेने मात्र त्याला एवढंच सांगितलं. यशोदा गांगुर्डेला बघायला दवाखान्यात गेली नाही. मंगलला बघायला गेली, त्याच्या खाटेवरून पुढे गेली. जेवणाचा डबा मात्र रोज दोघांचा पाठवायची. त्यात मिरच्या जास्त असायच्या. ते तिला कोणी सांगितलं मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

गांगुर्डेच्या डाव्या हाताची तीन बोटं आखडली ती आखडलीच. शोरूमने त्याला काउंटरवर बसवलं. तिथे तो दोन महिने टिकला. गिऱ्हाइकांना तो काउंटरवरून उठून पार्किंगमध्ये घेऊन जायचा आणि त्यांच्या गाड्यांचे कॉक दाखवायचा. मग त्याने नोकरी सोडली.

शेवटचा मला तो नाशिकच्या स्टँडवर दिसला. मी दवाखान्यातून येत होते, तो पुण्याच्या गाडीची वाट बघत उभा. बॅग, बायको, पोरगी. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या कामाला चालला होता. मला बघून तो पळतच आला.

"मावशी, आता गाडीला पेट्रोलच नाही. कार्बोरेटर नाही, फ्लोट नाही, कॉक नाही. काय मजा आहे सांगा."

"मग आता तू काय बंद करणार?" मी विचारलं.

"चार्जिंग," तो म्हणाला. "लोक रात्री घरात चार्जिंगला लावतात. पुढच्या खोलीत. देवापाशी. वेडे आहेत का लोक? मी सांगणार त्यांना. सगळ्यांना सांगणार." बोलता बोलता त्याने पोरीच्या हातातली बॅग उजव्या हाताने घेतली. बस लागली आणि तो बोलतच चढला. खिडकीतून अजून काहीतरी सांगत होता. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. मी हात केला आणि घरी आले.

मंगलच्या पायांवर डाग आहेत, ती साडी खाली नेसते आणि मळ्यात जाते. परी शाळेत जाते. यशोदा म्हातारी झाली, ओसरीवर बसते. त्या संध्याकाळी आग लागली तेव्हा आत तिघी होत्या आणि चौथा गांगुर्डे बाहेरून गेला. चौघंही जगले.